पाइथनमध्ये ॲनाग्राम तपासताना: ‘नाक’ आणि ‘कान’ यांची अक्षरे एकच आहेत का?

दोन शब्दांत तीच अक्षरे तितक्याच वेळा, पण वेगळ्या क्रमाने आली असतील, तर ते शब्द एकमेकांचे ॲनाग्राम ठरतात. ‘कमल’ आणि ‘कलम’ ही मराठीतील अगदी सोपी जोडी. दोन स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांच्या सलग माळा, अशा आहेत का हे ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणे हा प्रोग्रॅमिंग शिकवताना हमखास दिला जाणारा अभ्यास आहे आणि इंग्रजी शब्दांपुरता तो पाइथनमध्ये एका ओळीत संपतो. मराठी शब्द समोर आले की मात्र तीच ओळ कधी चुकीचा होकार देते, कधी चुकीचा नकार देते, आणि प्रोग्रॅम कुठेही अडखळत नसल्यामुळे ती चूक बहुधा लक्षातही येत नाही. म्हणून आधी ती ओळ नीट समजून घेऊ आणि मग मराठी शब्दांसाठी तिच्यावर विसंबता यावे याकरिता काय काय करावे लागते ते पाहू.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतील. ‘पहिला’, ‘दुसरा’ यांसारखी चलांची नावे मात्र आहेत तशीच टंकली तरी चालतात, कारण पाइथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात.

मूळ रीत

सर्वांत सरळ उपाय असा की दोन्ही शब्दांतील अक्षरे एकाच ठरावीक क्रमाने लावावीत आणि मिळालेल्या याद्या सारख्या आहेत का ते पाहावे:

सॉर्टेड(पहिला) == सॉर्टेड(दुसरा)

‘सॉर्टेड’ ही आज्ञा स्ट्रिंग घेऊन तिच्यातील चिन्हांची चढत्या क्रमाची नवी यादी परत देते. तो क्रम कोणता आहे याला येथे महत्त्व नाही. दोन्ही शब्दांना एकच क्रम लागला म्हणजे पुरे. (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. शब्दांची यादी वाचकाला दाखवायची असेल तेव्हा हा फरक सांभाळावा लागतो, तुलनेसाठी नाही.)

येथेच नवशिक्यांची एक चूक वारंवार दिसते. यादीची स्वतःची ‘सॉर्ट’ नावाची पद्धत असते. ती यादी जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही, म्हणजे ‘नन’ देते. दोन्ही शब्दांच्या याद्या करून त्यांच्यावर ‘सॉर्ट’ चालवले आणि त्याच ओळीत परत आलेल्या किमती ताडल्या, तर ‘नन’ची तुलना ‘नन’शी होते आणि जगातील कोणतेही दोन शब्द एकमेकांचे ॲनाग्राम ठरतात. फक्त होकारार्थी उदाहरणांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच सापडणार नाही.

दुसरा उपाय मोजणीचा. ‘कलेक्शन्स’ या मॉड्यूलमधील (म्हणजे तयार साधनांच्या संचातील) ‘काउंटर’ प्रत्येक चिन्ह किती वेळा आले ते मोजून ठेवतो:

काउंटर(पहिला) == काउंटर(दुसरा)

क्रमवारी लावण्याचे काम स्ट्रिंगच्या लांबीच्या तुलनेत थोडे अधिक वेगाने वाढते, मोजणीचे काम लांबीच्याच प्रमाणात वाढते. चारपाच अक्षरांच्या शब्दांना याचा फरक पडत नाही, आणि तेथे मी ‘सॉर्टेड’च वापरतो, कारण ती ओळ वाचणाऱ्याला लगेच कळते. लांबलचक मजकूर ताडायचा असेल तर ‘काउंटर’ योग्य. मोजणीतून हाताने वजाबाकी करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाइथन ३.१० पासून ‘काउंटर’ची तुलना करताना नसलेले चिन्ह आणि शून्य वेळा आलेले चिन्ह सारखेच धरले जाते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते वेगळे धरले जात होते.

याहून चटकन होणारे म्हणून सुचवले जाणारे काही मार्ग चुकीचे आहेत. शब्दांचे ‘सेट’ करून ताडले तर कोणते अक्षर किती वेळा आले ही माहितीच हरवते. ‘सरस’ आणि ‘रसर’ यांची लांबी सारखी आहे, सेटही सारखे आहेत, पण एकात ‘स’ दोनदा आहे आणि दुसऱ्यात ‘र’. चिन्हांच्या क्रमांकांची बेरीज ताडण्याचा मार्ग तर अधिक फसवा आहे. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५० आणि ‘न’चा २३४४ आहे, ‘त’चा २३४० आणि ‘ल’चा २३५४. म्हणून ‘मन’ची बेरीज ४६९४ येते आणि ‘तल’चीही ४६९४, जरी या दोन शब्दांत एकही अक्षर सामाईक नाही. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या देऊन गुणाकार ताडण्याची युक्ती गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे, कारण मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. पण शब्द लांबला की गुणाकार अवाढव्य होतो आणि मोजणीपेक्षा काहीही अधिक हाती लागत नाही. इंग्रजी पाठ्यक्रमांतून येणारा २६ खणांचा तक्ता तर देवनागरीला लागूच पडत नाही, कारण ‘क’चा क्रमांक २३२५ असल्यामुळे तो त्या तक्त्याच्या पार बाहेर जातो.

अक्षर म्हणजे नेमके काय?

आता ‘नाक’ आणि ‘कान’ हे शब्द वरच्या ओळीला द्यावेत. उत्तर होकारार्थी येते. मराठी माणसाला विचारले तर तो क्षणभर थांबेल, आणि अक्षरे बोटांवर मोजून म्हणेल की एकात ‘ना’ आणि ‘क’ आहेत, दुसऱ्यात ‘का’ आणि ‘न’. मग ती सारखी कशी?

पाइथन जे मोजते ते अक्षर नसून कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक असलेले एकेक चिन्ह, असते. ‘नाक’ म्हणजे त्याच्या लेखी ‘न’, काना आणि ‘क’ अशी तीन चिन्हे, आणि ‘कान’मध्येही तीच तीन. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर आहे, पण पाइथनला त्याची लांबी विचारली तर ती ६ येते: स, हलन्त चिन्ह, त, पुन्हा हलन्त चिन्ह, र आणि दीर्घ ईची मात्रा. ‘नमस्कार’ची अक्षरे ४, कोडपॉइंट ७.

यावर तिसरीही एक बाजू आहे, शाळेच्या व्याकरणातल्या वर्णविच्छेदाची. ‘आस’ म्हणजे आ, स्, अ. ‘असा’ म्हणजे अ, स्, आ. वर्ण अगदी तेच, क्रम वेगळा. पण पहिल्या शब्दात कोडपॉइंट दोन आहेत आणि दुसऱ्यात तीन, कारण ‘स’मधला ‘अ’ लिहिला जात नाही आणि ‘आ’ कधी स्वतंत्र स्वर म्हणून येतो, कधी काना म्हणून. त्यामुळे मूळ ओळ या जोडीला नकार देते.

म्हणजे मराठीत ॲनाग्राम तीन पातळ्यांवर तपासता येतो, आणि त्यांच्यात एक सुंदर उतरंड आहे. अक्षरांच्या पातळीवर जुळलेली जोडी कोडपॉइंटच्या पातळीवर जुळतेच, आणि शब्द नीट लिहिलेला असेल तर कोडपॉइंटच्या पातळीवर जुळलेली जोडी वर्णांच्या पातळीवरही जुळतेच. उलट दिशेने मात्र तसे नाही. ‘रवी’ आणि ‘वीर’, ‘नदी’ आणि ‘दीन’, ‘सभा’ आणि ‘भास’, ‘काटा’ आणि ‘टाका’ या जोड्या तिन्ही कसोट्यांवर उतरतात. ‘नाक’ आणि ‘कान’, ‘तार’ आणि ‘रात’ पहिल्या कसोटीवर गळतात. ‘आस’ आणि ‘असा’ केवळ तिसऱ्या कसोटीवर टिकतात.

कोणती पातळी निवडावी? शब्दकोडे किंवा खेळ मराठी वाचकांसाठी असेल, तर माझ्या मते निःसंशय अक्षरांची. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट वाचून मुले हरखतात तेव्हा ती रा-मा-ला-भा-ला-मा-रा अशी अक्षरेच मोजत असतात, काना वेगळा काढून कोणी मोजत नाही. कोडपॉइंटची पातळी ही भाषेने नव्हे तर साठवणुकीच्या सोयीने ठरवलेली आहे. ती चालेल, पण ती आपण जाणूनबुजून निवडलेली असावी, पाइथनने दिली म्हणून स्वीकारलेली नसावी.

तुलनेपूर्वीची साफसफाई

शब्द अक्षरांत तोडण्याआधी तो एकाच पद्धतीने लिहिलेला आहे याची खात्री करावी लागते, कारण पडद्यावर सारखे दिसणारे दोन मराठी शब्द आतून वेगळे असू शकतात. पहिली पायरी ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ ही आज्ञा ‘एनएफसी’ या, म्हणजे सुटी चिन्हे शक्य तेथे एकत्र करणाऱ्या, प्रकाराने चालवण्याची. ‘ऱ’ हे चिन्ह कधी एकाच कोडपॉइंटने लिहिलेले असते, तर कधी ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन कोडपॉइंटनी; नॉर्मलाइझ केल्यावर दोन्ही एकरूप होतात.

पण मराठीचा खरा प्रश्न याने सुटत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला आडव्या खुणेचा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एकतर ‘ऱ’, हलन्त चिन्ह आणि ‘य’, किंवा ‘र’, हलन्त चिन्ह, न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’. हे जोडचिन्ह म्हणजे झेडडब्ल्यूजे, ज्याचा युनिकोडमधील क्रमांक यू+२००डी आहे (‘यू+’ने सुरू होणारे क्रमांक सोळाच्या पायावर लिहिलेले असतात). युनिकोड या दोन लेखनांना समतुल्य मानत नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ त्यांना हातही लावत नाही. अनेक जण अशा वेळी न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकतात, आणि येथे ते अत्यंत घातक ठरते: दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या शब्दातून जोडचिन्ह काढले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. म्हणून आधी ‘र’, हलन्त चिन्ह आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘रिप्लेस’ आज्ञेने ‘ऱ’ आणि हलन्त चिन्ह घालावे, आणि त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे आणि त्याच जातीचे विलग ठेवणारे चिन्ह, म्हणजे यू+२००सी, काढून टाकावे. त्यांचा उरलेला उपयोग जोडाक्षर कसे दिसावे एवढ्यापुरताच असतो.

‘ॲ’चेही असेच आहे. या अक्षराला स्वतःचा कोडपॉइंट युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली मिळाला. कोणी ते ‘अ’वर वेगळा अर्धचंद्र देऊन लिहिले असेल, तर दिसायला फरक नाही, पण नॉर्मलाइझ या दोघांना एक करत नाही, ती अदलाबदलही आपणच ‘रिप्लेस’ने करावी.

यानंतर विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि येथे सर्वांत खोल खड्डा आहे. इंग्रजी उदाहरणांत हे काम ‘इजअल्फा’ या पद्धतीने करतात: जे चिन्ह अक्षर आहे ते ठेवा, बाकीचे टाका. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह यांना युनिकोड ‘अक्षर’ या गटात न ठेवता ‘मार्क’ या गटात ठेवते, म्हणून ‘इजअल्फा’ त्या सर्वांना नकार देते. परिणामी ‘काम’चे ‘कम’ होते, ‘कमी’चेही ‘कम’ होते, आणि प्रोग्रॅम शांतपणे सांगतो की हे दोन शब्द ॲनाग्राम आहेत. मी स्वतः शब्दांची एक यादी गाळताना ही चूक केली होती, आणि जोड्या अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाल्या म्हणूनच ती लक्षात आली. ‘इजअल्नम’ वापरूनही सुटका नाही, आणि ‘आरई’ या मॉड्यूलमधील शब्दचिन्ह ओळखणारा नमुना, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू, त्याच व्याख्येवर आधारलेला असल्यामुळे तोही मात्रा गाळतो. खात्रीचा मार्ग असा की ‘युनिकोडडेटा’मधील ‘कॅटेगरी’ ही आज्ञा प्रत्येक चिन्हाचा गट सांगते. त्या गटाच्या संक्षेपाचे पहिले अक्षर ‘एल’ म्हणजे अक्षर, ‘एम’ म्हणजे मार्क किंवा ‘एन’ म्हणजे अंक असेल तरच ते चिन्ह ठेवावे.

मजकुरात रोमन शब्द येणार असतील तर लहानमोठ्या अक्षरांसाठी ‘लोअर’ऐवजी ‘केसफोल्ड’ वापरावे. देवनागरीला त्याची गरज नाही आणि त्यापासून अपायही नाही.

शब्द अक्षरांत तोडणे

तोडण्याचा नियम साधा आहे. शब्दातील चिन्हे एकेक करून घ्यावीत. चालू चिन्ह ‘मार्क’ गटातले असेल तर ते आधीच्या अक्षराला जोडावे. चालू चिन्ह अक्षर-गटातले असेल आणि त्याच्या लगेच आधीचे चिन्ह हलन्त, म्हणजे यू+०९४डी असेल, तरीही ते आधीच्याच अक्षराला जोडावे, कारण ते जोडाक्षर आहे. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर नवे अक्षर सुरू करावे. ‘नमस्कार’ या शब्दावर हा नियम चालवून पाहावा: ‘न’ नवे, ‘म’ नवे, ‘स’ नवे, हलन्त चिन्ह ‘स’ला चिकटते, ‘क’च्या आधी हलन्त असल्यामुळे तो तेथेच जोडला जातो, काना त्यालाच, आणि शेवटी ‘र’ नवे. न, म, स्का, र अशी चार अक्षरे मिळतात. पहिलेच चिन्ह मात्रा असण्याची शक्यता चुकीच्या लेखनात असते, तेव्हा आधीचे अक्षरच नसेल तर नवे सुरू करण्याची सोय ठेवावी.

येथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एकाहून अधिक शब्दांचे वाक्य तपासायचे असेल, तर मोकळ्या जागा तोडण्याच्या आधी काढू नयेत. ‘अर्थात् मराठी’ या दोन शब्दांमधली जागा आधी काढली तर ‘त्’ आणि ‘म’ शेजारी येतात आणि आपला नियम त्यांचे ‘त्म’ करतो, जे मूळ वाक्यात नाही. म्हणून आधी अक्षरे तोडावीत, मग ज्या तुकड्याचे पहिले चिन्ह अक्षर किंवा अंक या गटातले नाही तो तुकडा टाकावा, आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांची मोजणी करावी:

काउंटर(अक्षरे(पहिला)) == काउंटर(अक्षरे(दुसरा))

येथे ‘अक्षरे’ हे आपणच लिहिलेल्या फंक्शनचे नाव आहे, आणि साफसफाईच्या सर्व पायऱ्या त्याच्या आतच असाव्यात, म्हणजे एका शब्दाला त्या लागल्या आणि दुसऱ्याला राहिल्या असे होणार नाही. ‘रेजेक्स’ हे बाहेरून बसवायचे मॉड्यूल असे तुकडे तयार देते, पण जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या तुकडे पाडण्याच्या नियमांत १५.१ या २०२३ सालच्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांनुसार ‘स्का’चे ‘स्’ आणि ‘का’ असे दोन तुकडे पडतात. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे यावर उत्तर अवलंबून ठेवण्यापेक्षा दहाबारा ओळींचे स्वतःचे फंक्शन मला अधिक भरवशाचे वाटते.

वर्णांची पातळी हवी असेल तर याच धर्तीवर दुसरे फंक्शन लिहावे: मात्रेच्या जागी तिचा स्वतंत्र स्वर ठेवावा, आणि ज्या व्यंजनानंतर मात्राही नाही आणि हलन्तही नाही त्याच्यापुढे ‘अ’ जोडावा. ‘ऱ’सारख्या नुक्त्याच्या अक्षरांत व्यंजन आणि नुक्ता मिळून एकच व्यंजन धरावे.

चाचणीसाठी प्रत्येक पातळीवर होकार आणि नकार देणाऱ्या जोड्या ‘असर्ट’ने, म्हणजे अट खोटी ठरल्यास प्रोग्रॅम थांबवणाऱ्या आज्ञेने, लिहून ठेवाव्यात. ‘रवी’ आणि ‘वीर’, ‘नाक’ आणि ‘कान’, ‘आस’ आणि ‘असा’, ‘मन’ आणि ‘तल’, ‘काम’ आणि ‘कमी’, दोन प्रकारे टंकलेले ‘दऱ्या’, आणि ‘दऱ्या’ विरुद्ध ‘दर्या’ एवढ्या जोड्यांत या लेखातील बहुतेक सगळे दोष पकडले जातात. वर सांगितलेली उतरंडही कामाला येते: अक्षरांवर जुळलेली एखादी जोडी वर्णांवर जुळली नाही, तर दोनपैकी एका फंक्शनमध्ये चूक आहे हे नक्की.

संपूर्ण शब्दयादीतून जोड्या काढायच्या असतील, तर प्रत्येक शब्द प्रत्येकाशी ताडत बसू नये. १०,००० शब्दांसाठी तशा ४,९९,९५,००० तुलना कराव्या लागतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाची अक्षरे एकदाच क्रमाने लावून ती एका ‘डिक्शनरी’ची किल्ली करावी आणि त्या किल्लीखाली शब्द जमा करत जावे, ‘डिफॉल्टडिक्ट’ने हे सहज होते. किल्ली म्हणून यादी चालत नाही, म्हणून क्रमाने लावलेल्या अक्षरांचे ‘टपल’, म्हणजे नंतर न बदलता येणारी यादी, करावे. ती अक्षरे पुन्हा जोडून त्यांची स्ट्रिंग करण्याचा मोह टाळावा, कारण ‘क्’ आणि ‘ष’ ही दोन वेगळी अक्षरे जोडली की ‘क्ष’ या एका अक्षरासारखीच स्ट्रिंग तयार होते, आणि एवढ्या कष्टाने पाडलेल्या सीमा पुन्हा पुसल्या जातात.